टीव्ही लावा, मध्येच थांबवा, आणि पाना-पक्कड मुलीच्या हाती द्या

विज्ञानाचा चांगला कार्यक्रम मुली मन लावून पाहतात. तो संपला की संच बंद होतो, चटई गुंडाळली जाते आणि विज्ञान पडद्यातच राहून जाते. दोष कार्यक्रमाचा नसतो. पाहण्याआधीची दहा मिनिटे आणि पाहून झाल्यावरचा अर्धा तास कोणी आखलेलाच नसतो. टीव्ही प्रश्न उभा करतो. उत्तर शोधायला मुलीच्या हातात काहीतरी असावे लागते. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीसाठी आहे.

नाशिक शहरातली किंवा दिंडोरी, निफाड, पेठ, सुरगाणा तालुक्यांतली एखादी शाळा, वाचनालय, महिला मंडळाची खोली किंवा सोसायटीचा हॉल असला तरी ही मांडणी चालते. गट १० ते १२ मुलींचा, वय ८ ते १३. तिघी-तिघींच्या चार तुकड्या केल्या की प्रत्येकीच्या हाताला काम मिळते. चौघी झाल्या की एक जण हमखास नुसती बघत बसते.

वय एवढे लहान का? २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या मुलांवरचा एक अभ्यास आला होता. 'खूप खूप हुशार' माणूस कोण, असे विचारल्यावर पाच वर्षांचे मुलगे जितक्या ठामपणे पुरुषाकडे बोट दाखवत, तितक्याच ठामपणे त्या वयाच्या मुली बाईकडे दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये हा ठामपणा घटलेला दिसला. दहावीनंतर 'सायन्स घेणार का?' असे आपण विचारतो, तोवर मुलीने मनाशी बरेच काही ठरवून टाकलेले असते.

पहिला तास टीव्हीचा नाही, छत्रीचा

प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिश या उपग्रह टीव्ही सेवेला महिन्याचे भाडे नाही. छत्री (डिश अँटेना), एलएनबी (छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा छोटा डबा), केबल आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च होतो. केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या योजनेच्या शैक्षणिक वाहिन्या याच सेवेवर मिळतात. २०२० मध्ये 'एक वर्ग, एक वाहिनी' अशा १२ वाहिन्यांनी सुरुवात झाली आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात त्या २०० पर्यंत नेण्याची घोषणा झाली. बॉक्स एमपेग-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चाच घ्या, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या उमटतच नाहीत. वाहिन्यांचे क्रमांक अधूनमधून बदलतात, म्हणून महिन्यातून एकदा 'ऑटो स्कॅन' करा आणि ते काम मुलींवर सोपवा.

छत्री बसवायला माणूस बोलावणार असाल तर मुलींची सुट्टी बघून बोलवा. बसवणे हाच पहिला पाठ आहे. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांश आणि ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. यावरून दिशा निघते उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे सुमारे १३४ अंश, म्हणजे जवळजवळ नेमकी आग्नेय. क्षितिजापासूनची उंची निघते ५७ ते ५८ अंश. मोबाइलमधले होकायंत्र आणि कोनमापकाला दोरा-वजन बांधून केलेला साधा उन्नतीमापक एवढ्यावर मुली ही दिशा स्वतः काढू शकतात. होकायंत्र लोखंडी खांब आणि सळयांपासून दीड-दोन मीटर दूर धरा, नाहीतर सुई भलतीकडेच वळते.

इथे एक गोष्ट सगळ्यांना चकवते. आकाशात ५७ अंशांवर बघायचे, तर छत्री बरीच आडवी दिसायला हवी असे वाटते. प्रत्यक्षात ती बऱ्यापैकी उभी असते. ६० सेंमीची ही छत्री 'ऑफसेट' जातीची आहे. तिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो आणि लहरी पत्र्यावर तिरक्या येऊन त्याच्याकडे वळतात. हा फरक साधारण २४-२५ अंशांचा असतो. म्हणून पत्र्याचे तोंड जेमतेम ३३ अंश वर असते. भिंतीवरच्या आरशावर तिरका टॉर्च मारून कवडसा कुठे पडतो हे आधी मुलींना पाहू द्या, म्हणजे छत्री बघून गोंधळ होणार नाही.

अडथळ्याचा हिशेब सोपा आहे. समोरची वस्तू छत्रीपेक्षा जितकी उंच, त्याच्या सुमारे ०.६३ पट अंतरापलीकडे ती असली की आड येत नाही. ३ मीटर उंच पाण्याची टाकी अडीच मीटरवर असेल तर बिनधास्त राहा. आंब्याचे झाड मात्र आज आड येत नसले तरी दोन वर्षांनी येईल.

बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक 'स्ट्रेंग्थ' आणि दुसरी 'क्वालिटी'. पहिलीवर विश्वास ठेवू नका. एलएनबीला वीज मिळाली की छत्री कुठेही वळलेली असली तरी ती पट्टी भरलेली दिसू शकते. बघायची दुसरी. एक मुलगी पडद्यापाशी बसून आकडा ओरडून सांगेल, दुसरी गच्चीवर मोठ्या माणसाबरोबर छत्री अर्धा-अर्धा अंश सरकवेल आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबेल, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवली तर योग्य जागा हातची निघून जाते. दिशा जमली की एलएनबी त्याच्या कड्यात हळूहळू फिरवून क्वालिटी आणखी वाढते का बघा, आणि मगच नट आवळा. आवळताना छत्री हलते, तेव्हा शेवटी आकडा पुन्हा तपासायचाच. बिनकठड्याच्या गच्चीवर मुलींना नेऊ नका. अशा ठिकाणी छत्री अंगणातल्या खांबावर लावली तरी काम होते.

केबल आरजी-६ जातीची घ्या आणि बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली लोंबणारा एक वळसा द्या. पावसाचे पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून जाते. वळसा नसेल तर ते थेट कनेक्टरात उतरते आणि पहिल्याच पावसाळ्यात तांब्याला हिरवट गंज चढतो.

मुलींसाठी इथे एक सुंदर गणितही आहे. १९७५-७६ मध्ये 'साइट' या प्रयोगात देशातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत उपग्रहाद्वारे टीव्ही पोचवला गेला. त्या छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या आणि तब्बल ३ मीटर व्यासाच्या होत्या. तेव्हाची लहर ८६० मेगाहर्ट्झची, आजची सुमारे ११ गिगाहर्ट्झची. ३० ला गिगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी सेंमीमध्ये मिळते: तेव्हा सुमारे ३५ सेंमी, आता सुमारे २.७ सेंमी. तेव्हा भोकाभोकांची जाळी कशी चालत होती आणि आज इतकी लहान छत्री कशी पुरते, हा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलींपुढे नुसता ठेवा. उत्तर सांगू नका.

जोराचा पाऊस आला की चित्र तुटते, कारण पावसाचे थेंब या लहरी शोषतात आणि विखुरतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला जून ते सप्टेंबर हा रोजचा अनुभव असेल. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास, स्वच्छ उन्हातही काही मिनिटे चित्र जाते. त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याचा गोंगाट सिग्नल बुडवून टाकतो. हे दिवस चुकवू नका. चित्र गेल्याची वेळ मुलींना सलग आठवडाभर लिहायला लावा आणि त्या क्षणी छत्रीवर सावली कुठे पडते ते बघायला सांगा. उपग्रह आकाशात कुठे आहे हे डोळ्यांनी 'दिसण्याची' वर्षातल्या या दोनच वेळा. सूर्याकडे थेट बघायचे नाही, सावलीकडेच बघायचे.

खोली, वीज, आवाज

३२ इंची पडद्याची उंची सुमारे ४० सेंमी असते. पडद्यावरची अक्षरे वाचता यायची तर शेवटची मुलगी उंचीच्या सहा पटींपेक्षा, म्हणजे २.४ मीटरपेक्षा लांब नको. बारा जणींना हे पुरते, चाळीस जणींना नाही. मुली खाली बसणार असतील तर पडद्याची खालची कड त्यांच्या डोक्यांच्या वर, जमिनीपासून ८०-९० सेंमीवर ठेवा. नाहीतर पडद्याच्या खालच्या पट्टीवरचा मजकूर पुढच्या वेण्यांआड जातो आणि मागच्या मुली चुळबूळ करू लागतात. त्यांचे लक्ष नाही असा समज करून घेऊ नका, त्यांना दिसतच नसते.

पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजू लागला की संचाचे स्वतःचे स्पीकर ऐकू येत नाहीत. वेगळा स्पीकर घ्या आणि तो मुलींच्या कानाच्या उंचीवर ठेवा.

विजेचे गणित फळ्यावर मांडा. संच ४५ वॅट, बॉक्स १० वॅट, असे ५५ वॅट. दोन तासांना ११० वॅट-तास. संगणकाच्या छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदोपत्री ८४ वॅट-तास देते, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. म्हणजे ती पुरणार नाही. घरगुती इन्व्हर्टरची मोठी बॅटरी लागेल. हा हिशेब मुलींनी संचामागचे लेबल वाचून करायचा.

काय दाखवायचे

थेट प्रसारण थांबवता येत नाही आणि थांबवल्याशिवाय ही पद्धत चालत नाही. काही बॉक्सना पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करण्याची सोय असते, ती वापरा, किंवा कार्यक्रम आधी फोनवर उतरवून केबलने संचाला जोडा. १० ते १२ मिनिटांचा तुकडा भरपूर झाला. संपूर्ण तासाचा कार्यक्रम दाखवला तर प्रयोगाला वेळ उरत नाही, आणि तोच तर हवा आहे.

मराठीत साहित्य आहे. २०२० च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर दाखवलेल्या 'टिलीमिली' मालिकेत पहिली ते आठवीसाठी घरच्या वस्तूंतून करून बघण्यावर भर होता. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या टाकाऊतून खेळण्यांच्या छोट्या चित्रफितींपैकी कितीतरी मराठीत आहेत, आणि अवघ्या एक-दोन मिनिटांच्या असल्याने थांबवत दाखवायला फार सोयीच्या आहेत. अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक टीव्हीवर २०१० साली सुरू झालेली 'सायगर्ल्स' ही मालिका इंग्रजी असली तरी तिची घडण उसनी घेण्यासारखी आहे. तिच्यात खऱ्याखुऱ्या शाळकरी मुली आपलाच प्रश्न घेतात, आपसांत वाद घालतात, मोजतात, फसतात, पुन्हा करतात, आणि सोबत त्या विषयात काम करणारी एखादी बाई असते.

निवडताना कार्यक्रम स्वतः पूर्ण बघा आणि कागदावर दोन रकाने करा. मुलगी किंवा बाई पडद्यावर असताना ती काय करते? उपकरण तिच्या हातात आहे का, निर्णय ती घेते का, की ती फक्त 'अरे वा, कसं काय?' असे विचारते आणि दादा किंवा सर समजावून सांगतात? दुसऱ्या प्रकारचे कार्यक्रम माहितीला कितीही चांगले असोत, पहिल्या दोन महिन्यांत दाखवू नका. आणखी एक गोष्ट बघा: कार्यक्रमात काही बिघडते का? ज्यात प्रत्येक प्रयोग पहिल्या फटक्यात जमतो, तो पाहून मुलीला वाटते की आपल्याला जमले नाही म्हणजे आपल्यातच काही कमी आहे.

सव्वा तास कसा जातो

आधी दहा मिनिटे वस्तू हातात द्यायची. मोटरचा भाग दाखवायचा असेल तर चुंबक, तार आणि सेल नुसते खेळायला द्या. मग विचारा: 'यातून फिरणारं काही करता येईल का?' अंदाज प्रत्येकीने वहीत लिहायचा, खोडायचा नाही.

पडदा लावल्यावर तीनदा थांबवा. थांबण्याच्या जागा आधी मिनिट-सेकंदांसह लिहून ठेवा. सर्वात चांगली जागा म्हणजे उत्तर दिसण्याच्या अगदी आधीची. 'आता काय होईल?' असे विचारा आणि गप्प बसा. १९७० च्या दशकात मेरी बड रो या संशोधक बाईंनी वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत असे दिसले. तीन सेकंद थांबले की उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात, आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. ते फार लांब वाटतील, तरी मोजा. रिमोट दर आठवड्याला वेगळ्या मुलीकडे असतो आणि आणखी दोनदा थांबवण्याचा हक्क तिचा.

मग निदान पस्तीस मिनिटे प्रयोग. तुकडीत तीन कामे असतात: जोडणारी, मोजणारी, लिहिणारी. बारा मिनिटांनी शिटी वाजली की कामे बदलतात, प्रयोग अर्धवट असला तरी. हे काटेकोर पाळा. तसे केले नाही तर सुंदर अक्षराची मुलगी वर्षभर लिहीतच राहते आणि पक्कड तिच्या हाती येतच नाही. मुलगे येणार असतील तर त्यांना अडवू नका. त्यांच्या तुकड्या वेगळ्या ठेवा. मिश्र तुकडीत हत्यारे कोणाकडे जातात आणि वही कोणाकडे, हे पाच मिनिटांत दिसते.

मोठ्यांनी हात मागे बांधून उभे राहायचे. अडलेल्या मुलीच्या हातातली वस्तू काढून 'थांब, मी दाखवते' म्हणणे हे या वर्गातले सर्वात मोठे नुकसान आहे. त्याऐवजी विचारा, 'कुठपर्यंत चाललं आणि कुठून बंद पडलं?'

शेवटची दहा मिनिटे वहीतला अंदाज आणि घडलेले शेजारी-शेजारी ठेवायला.

फाळके यांचा वाटाणा

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, पण त्याआधी त्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना ठराविक वेळाने चित्रे घेऊन एक छोटा चित्रपट केला होता. म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या या माणसाचा कॅमेरा आधी रुजणाऱ्या बीजावर रोखला गेला. टीव्हीवर असे वेगाने वाढणारे रोप दाखवा आणि तेच मुलींना करायला द्या. कार्यक्रम बघणारी मुलगी इथे कार्यक्रम करणारी होते.

लागते ते असे: वाण्याकडचा अख्खा वाळलेला वाटाणा (रंग लावलेला नको आणि डाळ अर्थातच नको), काचेचा ग्लास, टिश्यू कागद, पुठ्ठ्याचे खोके, ५ ते ७ वॅटचा एलईडी दिवा, जुना मोबाइल आणि चार्जर. वाटाणे ८ ते १२ तास भिजवा. ग्लासात आतून ओला कागद लावा आणि काच व कागद यांच्या मध्ये तीन-चार वाटाणे अडकवा. तळाला बोटभर पाणी ठेवा, वाटाणे मात्र पाण्यात बुडता कामा नयेत. बुडाले तर हवेअभावी दोन दिवसांत वास मारू लागतात. बहुतेक ग्लास इथेच फसतात.

खोके हवे ते बाहेरचा उजेड अडवायला. दिवसा ऊन, रात्री अंधार असे राहिले तर फीत लुकलुकते. आत दिवा अखंड लावा, पण पुठ्ठ्याला चिकटवू नका, आणि हवेसाठी भोके ठेवा. मोबाइल विटेला रबराने बांधा, फोकस आणि उजेड दोन्ही 'लॉक' करा. नाहीतर दर फोटोला तो नव्याने ठरवतो आणि रोप नाचताना दिसते. 'टाइम लॅप्स' किंवा ठराविक वेळाने फोटो काढणारे अॅप घ्या.

दर १० मिनिटांनी एक फोटो, चार दिवस: तासाला ६, दिवसाला १४४, एकूण ५७६. सेकंदाला २४ चित्रे दाखवली की फीत २४ सेकंदांची होते. फोटो ३ एमबीचा धरला तर साधारण पावणेदोन जीबी जागा लागेल, तेवढी आधी मोकळी करा. हा हिशेब मुलीच करतील. मूळ दीड-दोन सेंमी झाले की एका तुकडीने वाटाणा आहे तिथेच ९० अंशांत फिरवायचा. फितीत मूळ पुन्हा खाली वळताना दिसते, आणि पुढचा तासभर प्रश्न थांबत नाहीत.

साधी मोटर, आणि ती का फिरत नाही

१.५ व्होल्टचा मोठा सेल, दोन मोठ्या सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरचे चुंबक आणि २४ गेजची इनॅमल तार सव्वा मीटर. तार मोटार वायंडिंग करणाऱ्याकडे उरलेली मिळते. सेलभोवतीच दहा वेढे गुंडाळून काढा, दोन्ही टोके समोरासमोर सरळ बाहेर काढा. सेलच्या दोन टोकांना पिना रबराने बांधा, वेटोळ्याची टोके पिनांच्या नेढ्यांत ठेवा, खाली चुंबक ठेवा.

कळीची पायरी तार खरवडण्याची. एक टोक पूर्ण खरवडायचे. दुसरे टोक, वेटोळे टेबलाच्या कडेशी उभे धरून, फक्त वरच्या अर्ध्या भागावर. अर्ध्या फेरीत वीज वाहते आणि चुंबक वेटोळ्याला ढकलते, उरलेल्या अर्ध्यात वीज तुटते आणि वेटोळे स्वतःच्या वेगाने पुढे जाते. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर दुसऱ्या अर्ध्या फेरीत धक्का उलट बसतो आणि वेटोळे जागच्या जागी थरथरते. अजिबात न खरवडलेली तार तांब्यासारखीच चमकते, म्हणून 'तार तर उघडी आहे' असे वाटते. तिच्यावर पारदर्शक लेप असतो. पहिल्या वेळी निम्म्या तुकड्या इथे अडतात. अडू द्या. टोके एका रेषेत नसतील तर वेटोळे एका बाजूला जड होऊन थांबते, हे दुसरे नेहमीचे कारण. वेटोळे फिरत नसताना अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त जोडून ठेवू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात.

सगळे प्रयोग सेलवरच. भिंतीतल्या प्लगला आणि संचाच्या पाठीला हात नाही. जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीत तर बंद केल्यावरही धोकादायक व्होल्टेज साठून राहू शकते. नाण्यासारखे बटण सेल धाकट्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका, गिळले तर ते जिवावर बेतू शकते.

दोन छोटे प्रयोग टीव्हीतूनच मिळतात. रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा: डोळ्याला न दिसणारा उजेड बऱ्याच फोनच्या पडद्यावर लुकलुकताना दिसतो. मागचा कॅमेरा अनेकदा तो गाळून टाकतो, म्हणून पुढचाच वापरा. आणि मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर सुईच्या टोकाने पाण्याचा बारीक थेंब ठेवा, त्यात लाल-हिरवे-निळे ठिपके दिसतात.

द्राक्षाच्या पट्ट्यात अनेक घरी रसातली साखर 'ब्रिक्स'मध्ये मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असतो, पण तो वडिलांच्या खिशात. फळांवरचा कार्यक्रम झाला की मुलीने तो मागून आणायचा. आधी स्वच्छ पाण्याचे दोन थेंब टाकून शून्यावर आणायचा, मग रस. एकाच घडाच्या खांद्यावरचे, मधले आणि शेंड्याचे मणी मोजून तक्ता करा, प्रत्येक वेळी काच पुसून. न पुसता घेतलेल्या वाचनात आधीच्या मण्याची साखर मिसळते. पुढच्या वेळी घरात 'ब्रिक्स किती आली?' हा प्रश्न तिला विचारला जातो.

बोलायचे कसे

'चला, आज आपण शास्त्रज्ञ होऊया' असे म्हणू नका, 'आज आपण विज्ञान करूया' म्हणा. २०१९ च्या एका अभ्यासात चार ते नऊ वर्षांच्या मुलींवर हाच फरक तपासला होता. 'विज्ञान करूया' ऐकलेल्या मुली पुढच्या खेळात जास्त वेळ टिकल्या. शास्त्रज्ञ कोण असतो याचे एक चित्र मुलीच्या डोक्यात असते आणि ती त्यात स्वतःला बसवून बघते. काम करायला असे कोणी 'असावे' लागत नाही.

ते चित्र कसे असते हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या: 'विज्ञानाचं काम करणारं एक माणूस काढा.' १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या चेंबर्स यांच्या पाहणीत ४,८०७ मुलांच्या चित्रांत बाई फक्त २८ निघाल्या, आणि त्या सगळ्या मुलींनी काढलेल्या होत्या. चित्रांवर तारीख घाला, काही न बोलता पाकिटात ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा काढायला सांगा आणि मग पहिले परत द्या.

'हुशार गं माझी बाई' याऐवजी तिने काय केले ते सांगा: 'तू दुसरं टोक पुन्हा खरवडून बघितलंस, म्हणून चाललं.'

थोर स्त्रियांची भित्तिचित्रे लावून काम भागत नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आधी प्रवेश नाकारला गेला, मग त्या १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. झाल्या, हे जरूर सांगा. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ मोहिमेच्या प्रकल्प संचालक राहिलेल्या निगार शाजी यांची मुलाखत दाखवा. पण त्याच महिन्यात गावातली एखादी बाई बोलवा: रक्त तपासणारी लॅब टेक्निशियन, महावितरणमधली वायरवुमन, माती परीक्षण करणारी कृषी पदवीधर, अंबड-सातपूरच्या कारखान्यात सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारे) मशीन चालवणारी. भाषण नको. तिने आपले एक हत्यार आणायचे, ते मुलींच्या हातात द्यायचे आणि वीस मिनिटे प्रश्नांना उत्तरे द्यायची. 'तुमच्याकडून कामात काय बिघडलं?' हा प्रश्न यादीत असू द्या.

मुली येईनाशा होतात तेव्हा

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हजेरी घटते. कारण बहुधा विज्ञान नसते. पाण्याची वेळ, धाकटे भावंड, संध्याकाळचा स्वयंपाक हे असते. वेळ ठरवताना मुलींना नाही, त्यांच्या आयांना विचारा. सकाळची शाळा सुटल्यावरचा शनिवार बहुतेक ठिकाणी जमतो. भावंडाला घेऊन आली तर येऊ द्या, त्याच्यासाठी मोठे चुंबक आणि खिळ्यांऐवजी चमचे वेगळे ठेवा. महिन्यातून एकदा आयांना बोलवा आणि प्रयोग मुलींकडून करून घ्या. कामावर गेलेल्या आईला फोनवर फीत पाठवा.

पेठ-सुरगाण्यातली कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरीला जातात. त्या मुलींसाठी प्रत्येक प्रयोगाचे सामान प्लास्टिकच्या डब्यात वेगळे भरून द्या: एक डबा, एक प्रयोग, आत चित्रांची पट्टी. बागेत टीव्ही नसेल, पण दोन मिनिटांची चित्रफीत कोणाच्या तरी फोनवर चालते.

चौथ्या महिन्यापासून थांबण्याच्या जागा मुलींनी ठरवायच्या. सातवी-आठवीच्या दोघी आधी येऊन कार्यक्रम बघतील आणि मिनिट-सेकंद लिहून काढतील. कपाटाची किल्ली आणि सामानाची वही त्यांच्याकडे द्या. वहीत तीन रकाने पुरतात: काय संपले, काय तुटले, तुटलेले कोणी दुरुस्त केले.